उसवता येईल असे शिवणे

कापडाचे दोन तुकडे दोऱ्याने जोडणे म्हणजे शिवणकाम, ही व्याख्या सोपी आहे आणि तितकीच अपुरी आहे. कारण जोडलेले वस्त्र पुढेमागे सोडवता यावे, वाढत्या अंगाबरोबर वाढवता यावे, एकाच्या अंगावरून उतरल्यावर दुसऱ्याच्या अंगाला बसवता यावे आणि अखेरीस जीर्ण झाल्यावर त्याच्या तुकड्यांचाही काही उपयोग व्हावा, एवढी सगळी तजवीज पहिला टाका पडण्यापूर्वी करून ठेवणे हा या विद्येचा गाभा होय. ज्याला उसवणे ठाऊक नाही त्याला शिवणे पुरते आले असे म्हणता येत नाही. कापड ओळखणे, माप घेणे, बेतणे, टाके घालणे आणि आकार देणे या प्राथमिक क्रियांचा परिचय या प्रकरणात याच दृष्टीने करून द्यावयाचा आहे, आणि उदाहरणांसाठी आपण गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली या तालुक्यांकडे पाहणार आहोत. कारण गाठ मारून घालावयाचे वस्त्र आणि अंगाबरहुकूम बेतून शिवावयाचे वस्त्र, या दोन निराळ्या परंपरा या मुलखात एकमेकींच्या शेजारी दीर्घकाळ नांदल्या आहेत.

दोन रीतींचा शेजार

तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये पेडणे वसले आहे, तर डिचोलीची हद्द दोडामार्गच्या बाजूने सिंधुदुर्गाला भिडते. पोर्तुगिजांचा अंमल बारदेश, तिसवाडी आणि साष्टी या जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकातच बसला होता. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल मात्र सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या अंमलाखाली गेले, आणि या तिहींतही पेडण्याची पाळी शेवटी, म्हणजे १७८८ साली आली. या सनावळीचा शिवणकामाशी संबंध काय, असे कोणी विचारील. पण तो आहे, आणि निकटचा आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढून ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीय पुरुषांना पुडवे नेसण्याची आणि स्त्रियांना चोळी घालण्याची मनाई केली. हा हुकूम जुन्या काबिजादीतील धर्मांतरितांपुरता होता. नव्या काबिजादीतील रयतेच्या धर्मात व रीतिरिवाजांत हात घालू नये असे धोरण राज्यकर्त्यांनी पुढे पत्करले आणि ती धर्मसभाच १८१२ साली कायमची बरखास्त झाली; त्यामुळे शापोऱ्याच्या उत्तरेला लुगडे, चोळी, धोतर, बंडी यांचा वापर कोणत्याही फर्मानाने खंडित न होता चालत राहिला.

नदीच्या दक्षिणेला, बारदेशात, या काळात वेगळीच विद्या रुजत होती. पाटलोण, जाकीट, कॉलरचे खमीस आणि बायकांचे झगे शिवणारे कारागीर तेथे तयार झाले. त्यांतील पुष्कळ जण पुढे मुंबईत आणि समुद्रापार झांझिबार, नैरोबीपर्यंत सुईच्या बळावर स्थिरावले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला पेडण्या-डिचोलीकडची माणसे जात, कापड घेत, शिवलेले कपडे पाहत, आणि त्या रीतीची कापणी हळूहळू नदी ओलांडून येई. खणाची चोळी आणि कॉलरचे खमीस ही अशी एकाच बाजारपेठेत येऊन भेटली. चोळी पुढे गाठ मारून घालावयाची असल्यामुळे अंग थोडे भरले वा उतरले तरी गाठ ते सांभाळून घेते; खमिसाला गाठ नसते, त्यामुळे अंगातील फरकाची सोय शिवणीच्या आत दडवून ठेवावी लागते. या दडवलेल्या कापडालाच शिंपी माया म्हणतात, आणि आपल्या प्रकरणाचा खरा विषय ती माया होय.

कापडाची ओळख

कात्रीला हात घालण्यापूर्वी कापड कोणत्या दिशेला कसे वागते हे जाणून घ्यावे. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून खालीवर विणला जातो. म्हणून कापड उभ्या दिशेने सर्वांत कमी ताणते, आडव्या दिशेने किंचित अधिक, आणि दोहोंच्या मधोमध, म्हणजे ४५ अंशांच्या तिरप्या रेषेत, सर्वांत जास्त. अंगरखा असो वा परकर असो, त्याची उंची उभ्या धाग्याशी समांतर ठेवण्याचा जो सार्वत्रिक नियम आहे, त्याचे कारण एवढेच की वस्त्राचे सगळे वजन उंचीच्या दिशेने लोंबते आणि ते पेलणारा धागा न ताणणारा हवा. हा नियम मोडला तर दोन-चार धुण्यांत बाही पिळल्यासारखी फिरते आणि घेराची कड एका बाजूस लोंबू लागते. काठ असेल तर उभा धागा ओळखण्यास कष्ट नाहीत. काठ कापला गेला असेल तर कडेचा एक धागा अलगद ओढून पाहावा, तो जेथून निघतो ती रेष सरळ समजावी. उलट गळ्याच्या वळणाला लावावयाची पट्टी मुद्दाम तिरपी कापावी लागते, कारण वळण घेण्याचा गुण तिरप्या कापडातच असतो.

सुती कापड बेतण्यापूर्वी भिजवून वाळवणे हा दुसरा दंडक. मागावर आणि पुढच्या प्रक्रियेत धागा ओढलेल्या स्थितीत राहिलेला असतो. पाण्यात तो सैल होऊन मूळ लांबीकडे परततो आणि कापड आटते. हे आटणे कपडा शिवून झाल्यावर घडले तर त्याला कितीही माया ठेवली तरी ती पहिल्याच धुण्यात खर्ची पडते. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात आणखी एक पथ्य पाळावे लागते. आषाढ-श्रावणात अर्धवट शिवलेल्या कपड्यात टाचणी किंवा सुई तशीच राहिली तर तिला गंज चढतो, आणि गंजाचा डाग सुती कापडावरून निघता निघत नाही. काम थांबवताना सुया मोजून कोरड्या डबीत ठेवण्याची जुन्या बायकांची सवय केवळ टापटिपीसाठी नव्हती.

माप, ढिल आणि माया

कापड आज मीटरने विकले जाते, पण शिंप्याच्या गळ्यातील टेपवर त्याची नजर इंचांच्या आकड्यांवरच असते, आणि मापाची वही तर सर्वस्वी इंचांचीच. छाती, कंबर, उंची, खांदा, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर, गळ्याची खोली ही मुख्य मापे. यांतील छातीचे माप इतर अनेक मापांचे जनक आहे: पुढच्या किंवा पाठीच्या अर्ध्या भागाची रुंदी छातीच्या चौथ्या हिश्शावरून आणि गळ्याची रुंदी बाराव्या हिश्शावरून काढण्याची पद्धत शिवणशाळांतून रूढ आहे. मराठी मुलखात या विद्येला शिस्तबद्ध आकडेमोडीचे रूप देणाऱ्या ग्रंथांत झारापकर पद्धतीच्या पुस्तकांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. आणि हे आडनाव ज्यावरून पडते ते झाराप गाव कुडाळ तालुक्यात, पेडण्याहून उत्तरेस फारसे दूर नाही.

छाती ३६ इंच आहे असे धरू. चौथा हिस्सा ९ इंच झाला. आता श्वास घेताना छाती फुलते, हात पुढे नेताना पाठ रुंदावते; त्यासाठी सदऱ्याच्या प्रत्येक चौथ्या हिश्शात इंच-दीड इंच वाढवावा लागतो, चोळीला वा ब्लाउजला त्याहून पुष्कळ कमी. ही झाली ढिल. ढिल टिपेच्या आतल्या बाजूला, अंगाकडे असते आणि ती आजच्या हालचालीसाठी असते. त्यानंतर टिपेच्या बाहेर जे कापड सोडावयाचे ती माया, आणि ती उद्यासाठी असते. नवशिक्याचा घोटाळा बहुधा या दोहोंतच होतो: मायेलाच ढिल समजून तो कडेला टीप मारतो आणि कपडा घोळदार होतो, किंवा ढिल विसरून बसतो आणि घालणाऱ्याला हात वर करता येत नाही.

माया सर्वत्र सारखी ठेवून चालत नाही. बाजूच्या शिवणीला एक ते दीड इंच, खांद्याला अर्धा इंच, गळ्याला पाव इंच, आणि खालच्या दुमडीला दीड-दोन इंच, हे प्रमाण व्यवहारात बरे पडते. गळ्याला इतकी थोडी का, याचे उत्तर भूमितीत आहे. वळणाच्या टिपेची लांबी आणि त्याबाहेरच्या कडेची लांबी यांत जो फरक पडतो, तो मायेच्या रुंदीबरोबर वाढत जातो. रुंद माया वळणावर आत दुमडू गेले तर ती खेचली जाते आणि गळा उभा राहतो. पाव इंच ठेवूनही तिला जागोजागी कात्रीने चिरा द्याव्या लागतात, आणि त्या टिपेच्या सूतभर अलीकडे थांबवाव्या लागतात. बाजूची शिवण सरळ असल्याने तिथे हा अडसर नाही. ब्लाउजच्या दोन बाजूंच्या शिवणींत मिळून कापडाच्या चार कडा असतात. प्रत्येक कडेला एक इंच जादा ठेवला तर घेरात चार इंचांची गंगाजळी शिल्लक राहते, आणि नव्या टिपेला धरण्यापुरते कापड वजा केले तरी तीन इंच हाताशी असतात. लग्नात शिवलेला ब्लाउज दोन बाळंतपणांनंतरही अंगाला यावा, यासाठी एवढी शिल्लक बहुधा पुरते.

टाके आणि शिवणी

बेतलेले तुकडे एकदम पक्के शिवू नयेत. आधी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घालून कपडा अंगाला लावून पाहावा, आणि मगच टीप मारावी. कच्चा दोरा रंगाने निराळा असला की नंतर तो शोधून काढणे सोपे जाते. दोरा कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीहून फार मोठा घेऊ नये, गुंता होतो. पक्क्या टाक्यांत धावदोरा सर्वांत साधा: सुई कापडातून समान अंतराने आत-बाहेर जाते. त्यात जोर नाही, पण चुण्या पाडायला, अस्तर धरायला, जुन्याचे थर एकत्र करायला तोच लागतो. ज्या शिवणीवर ताण येणार तिथे उलटा टाका घालावा. यात सुई प्रत्येक वेळी एक पाऊल मागे जाऊन दोन पावले पुढे निघते, त्यामुळे सुलट बाजूला टाके एकमेकांना चिकटून दिसतात आणि एखादा तुटला तरी शेजारचा धरून राहतो. कड दुमडून घालावयाच्या तुरपाईत सुईने खालच्या कापडाचा एखाददुसराच धागा उचलावयाचा असतो. सुलट बाजूला टाका दिसला तर तुरपाई जाड झाली असे समजावे. काजासाठी आधी ठरलेल्या रेषेभोवती बारीक टीप मारून मग मध्ये चीर द्यावी आणि कड दाट टाक्यांनी भरून घ्यावी. हा क्रम उलटा केला तर चिरलेले सूत उकलत जाते.

शिवणीचे प्रकार पुष्कळ असले तरी कोणती कोठे घालावी हे त्या वस्त्राच्या पुढच्या आयुष्यावरून ठरते. तान्ह्या मुलाच्या झबल्याला दुहेरी बंद शिवण घालतात: तुकडे आधी उलट बाजूने एकमेकांना लावून सुलट बाजूवर अरुंद टीप मारावयाची, कडा कातरून कापड उलटवावयाचे आणि दुसरी टीप अशी घालावयाची की पहिल्या टिपेच्या कडा आतच कोंडल्या जातील. अशी शिवण नाजूक त्वचेला खुपत नाही. ती सोडवून झबले मोठे करता येत नाही हे खरे, पण झबले मोठे करावे लागतच नाही; ते धाकट्या भावंडाकडे जाते. कुंची, टोपडे आणि बंदांची झबली यांना काजे-बटणे टाळण्याचे कारणही हेच, की बंद कोणत्याही आकाराच्या बाळाला पुरतो. पुरुषी पायजम्याला आणि कष्टाच्या कपड्यांना चपटी शिवण बरी, जिच्यात एक कड दुसरीवर दुमडून वरून टीप मारलेली असते. ती सहजी फाटत नाही. ब्लाउज, सदरा आणि पाटलोण यांच्या बाजूंना मात्र साधी उघडी शिवणच हवी, कारण माया हाती लागते ती तिथेच. पाटलोणीच्या मागच्या मधल्या शिवणीत जाणता शिंपी सर्वांत अधिक कापड सोडतो. वय वाढते तसे माणूस कुठे वाढतो याचा त्याला अनुभव असतो.

वाढत्या मुलीच्या परकराची युक्ती तर स्वतंत्र वर्णनास पात्र आहे. परकर मुद्दाम सहा-सात इंच लांब बेतावयाचा, आणि खालच्या बाजूने वर एक-एक इंचाच्या दोन-तीन आडव्या दुमड्या घालून त्यांवर टीप मारावयाची. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, घरातील बाईला ती मुदतठेव असते. प्रत्येक दुमडीत दुप्पट कापड अडकलेले असते, म्हणून एक इंचाची दुमडी उसवली की परकर दोन इंचांनी लांबतो. दरवर्षी एक दुमडी सोडावयाची. एवढेच ध्यानात ठेवावे की आत राहिलेले कापड उन्हाने विटलेले नसते आणि जुन्या कडेची रेघ दिसत राहते. ती झाकण्यासाठी वरून फीत किंवा गोट लावतात, आणि त्या फितीमुळे परकर पुन्हा नवा दिसतो.

सपाट कापड, गोल अंग

कापड सपाट असते, अंग गोल असते, आणि या विरोधाची तडजोड करण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग निऱ्यांचा, आणि त्याला सुईही लागत नाही. पेडण्याच्या दसऱ्यात आणि कोजागरीत देवाची तरंगे निघतात. उभ्या काठीला रंगीत लुगड्यांच्या निऱ्या घालून ती सजवलेली असतात, आणि न शिवलेले, न कापलेले कापड केवळ घडीच्या जोरावर किती डौलदार आकार धरू शकते याचा तो उत्तम नमुना होय. दुसरा मार्ग चुण्यांचा. डिचोली, पेडणे आणि सत्तरी भागात शिगम्याला घोडेमोडणी होते; कमरेभोवती घोड्याचा सांगाडा बांधून स्वार नाचतो आणि सांगाड्याला लावलेले कापड त्याचे पाय झाकते. असा घेर हवा असेल तर कडेच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट कापड घ्यावे, एकमेकांना समांतर दोन धावदोरे सैल घालावेत आणि दोन्ही दोरे एकत्र ओढून चुण्या सारख्या पसराव्यात. एकाच दोऱ्यावर भिस्त ठेवली तर चुण्या वेड्यावाकड्या उलटतात.

तिसरा मार्ग टक्सांचा, म्हणजे जिथे अंग आत जाते तिथले फाजील कापड पाचरीसारखे चिमटून शिवण्याचा. ब्लाउजचा टक्स उंचवट्याच्या टोकापर्यंत नेऊ नये, इंचभर अलीकडे संपवावा, आणि शेवटचे दोन-तीन टाके अगदी कडेच्या धाग्यावर यावेत. नाहीतर टोकाशी कापडाचा फुगा राहतो. टक्स आत कापून टाकू नये, नुसता दाबून बसवावा, म्हणजे पुढे सोडता येतो. चौथा मार्ग जोडकापडाचा: घेर वाढवणारी कळी, आणि काखेत बसणारा चौबगळा. हा चौबगळा म्हणजे काखेत कोनावर उभा केलेला लहानसा चौकोनी तुकडा. हात वर उचलला की ताण त्याच्या कर्णावरून, म्हणजे तिरप्या धाग्यावरून जातो, आणि कापड तिथेच सर्वांत अधिक ताणते हे आपण पाहिलेच आहे. जुन्या अंगरख्यात आणि चोळीत बाही सरळ कापूनही हात मोकळा राही, तो या तुकड्यामुळे. आणि घासून तेवढाच विरला तर तेवढाच बदलता येई. युरोपीय कापणीने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. तिने मुंढा गोल कापला, पुढून अधिक खोल व मागून कमी, आणि बाहीचा माथा मुंढ्याहून इंचभर लांब ठेवून तो बारीक धावदोऱ्याने आटवून बसवला. दिसण्यात दुसरी रीत सरस आहे, दुरुस्तीला पहिली सोयीची आहे.

यंत्राची टीप

शिवणयंत्राने या सर्व क्रियांचा वेग बदलला, तत्त्व बदलले नाही. एलायस हाउ या अमेरिकन कारागिराने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले त्यात सुईचे भोक टोकाशी आणले होते. वरचा दोरा कापडाखाली फास करतो आणि त्या फासातून खालचा दोरा जातो, अशी दोन दोऱ्यांची ही टीप आहे. सिंगरने १८५१ साली पेटंट घेऊन हे यंत्र घरोघर नेले, आणि भारतात १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यात उषा यंत्रे बनू लागली. यंत्रयुगावर कठोर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या एका संवादात सिंगरच्या यंत्राला अपवाद केले होते, हे सर्वश्रुत आहे. वापरणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. टिपेच्या खालच्या बाजूला फास लोंबत असतील तर वरचा दोरा सैल आहे. वरच्या बाजूला खालचा दोरा डोकावत असेल तर वरचा फार ताणला आहे किंवा बॉबिनचा सैल पडला आहे. दुसरे, नारळाच्या मुलखात हाताशी असलेले खोबरेल यंत्राला कधीही घालू नये. ते कालांतराने चिकट होते आणि यंत्र जड चालू लागते. साध्या सुती कापडाला इंचाला दहा ते बारा टाके पुरेत. त्याहून दाट टीप कापडाला भोके पाडून दुबळे करते, आणि उसवताना छळते.

उसवणे

आता उसवण्याकडे येऊ. दोन तुकडे हातांनी ओढून फाडणे म्हणजे उसवणे नव्हे. टिपेच्या एका बाजूला दर तिसरा-चौथा टाका अणकुचीदार कात्रीने कापावा, मग कापड उलटवून दुसऱ्या बाजूचा दोरा ओढावा. तो अखंड निघून येतो आणि कापडाच्या एकाही धाग्याला इजा होत नाही. नंतर सुताचे कण झटकून, कापडावर पाणी शिंपडून उलट बाजूने इस्त्री करावी, म्हणजे टिपेची भोके मिटतात. अशा रीतीने लुगड्याचे परकर-पोलके, परकराचे झबले, आणि अखेरीस उरलेल्या जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने भरलेली वाकळ, हा वस्त्राचा प्रवास गोव्यात आणि कोकणात घराघरांतून होत आला आहे. वाकळीवरचा धावदोरा दाट असतो, कारण तिथे पुन्हा उसवावयाचे नसते. कापडाचा तो शेवटचा मुक्काम असतो.

पेडणे आणि डिचोली येथे आज सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, आणि अशा संस्थांच्या देशव्यापी अभ्यासक्रमात शिवणकाम हा एक वर्षाचा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे ही विद्या शिकण्याची सोय कमी झालेली नाही. बदलले आहे ते गिऱ्हाइकाचे पाहणे. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापडाचा प्रत्येक इंच हिशेबात धरलेला असतो, म्हणून शिवणीला पाव इंच माया सोडून तिच्या कडा ओव्हरलॉकने बांधून टाकतात. असा कपडा अंगाला आला तर आला, तो वाढत नाही. तेव्हा कपडा विकत घेताना तो आधी उलटा करून बाजूची शिवण पाहावी, आणि शिंप्याकडे टाकताना माया किती सोडणार हे शिलाईच्या दराइतक्याच स्पष्टपणे ठरवून घ्यावे. साडीबरोबर येणारा ब्लाउजचा तुकडा बहुधा ऐंशी सेंटिमीटरांचा असतो आणि त्यात बांध्याप्रमाणे माया राहतेच असे नाही. दुकानातून वेगळे कापड घ्यावयाचे झाल्यास पुरा एक मीटर घ्यावा. त्या वीस सेंटिमीटरांना आज जे काही रुपये पडतात, ते पाच वर्षांनी नवा ब्लाउज शिवावा न लागल्याने वसूल होतात.